पांढरी दिसली म्हणून गवळाऊ समजू नका: गाय कशी पाहायची, कशी घ्यायची, कशी टिकवायची

तीन वर्षं झाली असतील, पोळ्याच्या आधी मी एक गाय घेतली. पांढरीशुभ्र, वशिंड-बिशिंड सगळं जागच्या जागी, विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की भाऊ अस्सल गवळाऊ आहे, आर्वीकडची, आणि मी पण मान डोलावली कारण तेव्हा मला पांढरी म्हणजे गवळाऊ एवढंच माहीत. टेम्पोत घालून वावरात आणली, दावणीला बांधली, आबाजींना हाक मारली. आबाजी आले, चष्मा कपाळावर चढवला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काय घेऊन आला बे? हिचं कपाळ तर ताटाएवढं आहे." संपलं. ओंगोलचा अंश होता तिच्यात, भरपूर. गाय वाईट नाही हां, अजून आहे आमच्याकडे, चांदी नाव आहे तिचं, पण जी घ्यायला गेलो होतो ती ती नव्हती आणि पैसे मात्र गवळाऊचे मोजले.

त्यानंतर मी पाहायला शिकलो. आर्वी-कारंजाकडे दहा-बारा चकरा मारल्या, ही गाय पाळणाऱ्या नंदगवळी समाजाच्या कोठ्यावर जाऊन बसलो, व्हेटरनरीवाल्या मित्राचं डोकं खाल्लं. नागपुरातले लोक आजकाल फोन करून विचारतात, देशी गाय घ्यायची आहे, कोणती घेऊ, गीर घेऊ का. अरे बाप्पा, गीर गुजरातची, साहिवाल पंजाबची, आपल्या इथली गाय आपल्याच लोकांना माहीत नाही. आणि मजा म्हणजे नागपुरी नावाचं जनावर आहे पण ती म्हैस, तलवारीसारखी लांब मागे गेलेली शिंगं असलेली. गायीत आपल्या पट्ट्यातली जुनी जात ही गवळाऊ, पूर्वेला गडचिरोली-चंद्रपूरकडे कठाणी आहे, तिची राष्ट्रीय नोंदणी तर २०२३ ला झाली. असो, कठाणीवर परत कधीतरी.

आधी हे कळू द्या की ही गाय कशासाठी घडली

गवळाऊचा मूळ पट्टा म्हणजे वर्धा जिल्ह्यातले आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हे तालुके, त्याला लागून आपला नागपूर जिल्हा, आणि वर मध्य प्रदेशात छिंदवाडा, सिवनी, बालाघाट. सगळा सातपुड्याच्या पायथ्याचा, चढउताराचा, दगडगोट्याचा मुलूख. मराठ्यांच्या फौजांना या डोंगराळ गोंडवनात सामान झटपट हलवायला हलके आणि पळणारे बैल लागत, त्यातून ही जात निवडत निवडत घडली असं मानतात. दूध आणि बैल दोन्हीसाठी, पण जास्त करून बैलासाठी. हे डोक्यात पक्कं बसवा कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पळायला घडलेलं जनावर तुम्ही बादलीनं मोजायला गेलात तर दुसऱ्याच महिन्यात शिव्या द्याल, मला नाही तर गायीला.

दुधाचा आकडा आत्ताच सांगून टाकतो म्हणजे ज्याला पटणार नाही त्यानं पुढं वाचायचा त्रास घेऊ नये. एका वेताला साधारण ६०० लिटर, म्हणजे रोजचं सरासरी दोन-अडीच लिटर, व्यायल्यावरचे पहिले दोन महिने थोडं जास्त आणि मग उतरतं. फॅट ४ च्या वर. यापेक्षा जास्त देणाऱ्या असतात पण "दहा लिटर देते गवळाऊ" असं कोणी म्हटलं तर गाय तरी गवळाऊ नाही किंवा लिटर तरी लिटर नाही.

तोंडापासून सुरू करा

गाय पाहायला गेलं की आपली नजर आधी कासेवर जाते, सवयच आहे. नका करू. आधी समोर उभे राहा, चार-पाच पावलं लांब, आणि फक्त डोकं बघा.

गवळाऊचं डोकं लांब आणि अरुंद. अरुंद म्हणजे खरंच अरुंद, डोळ्यांपासून खाली नाकपुडीकडे निमुळतं होत गेलेलं. बाजूनं बघितलं तर कपाळ ते नाक रेघ सरळ, फक्त वर शिंगांकडे कपाळ किंचित मागे झुकलेलं. डोळे बदामी. कान मध्यम, आणि ते वर उचललेले, लोंबणारे नाहीत, तुम्ही फाटक उघडलं की दोन्ही कान तुमच्याकडे वळले पाहिजेत. गीरचे कान पाहिले असतील ना, पानासारखे लोंबतात, त्याच्या अगदी उलट.

शिंगं ही सगळ्यात सोपी खूण. आखूड, बुंध्याला जाड, टोकं बोथट, आणि बहुतेक वेळा थोडीशी मागे कललेली. सांगली-सोलापूरकडची खिल्लार पण पांढरी असते, चपळ पण असते, पण तिची शिंगं लांब, टोकदार, मागे जाऊन वर वळलेली, दुरून ओळखू येतात. माळवीची शिंगं वर जाताना बाहेर फाकून परत वळलेली आणि अंगानं जनावर जड. हरियानाची गाय जास्त फसवते कारण तिचं पण तोंड लांब-अरुंद आणि शिंगं छोटी, पण तिच्या दोन शिंगांच्या मधोमध डोक्यावर हाडाचा उंचवटा असतो, हात फिरवला की लागतो. आणि ओंगोल, जिथं मी फसलो, ती तर गवळाऊची जवळची नातेवाईकच, आंध्रकडची, रंग तोच, शिंगं पण आखूड, फरक एवढाच की ओंगोल सगळ्या बाजूनं मोठी. कपाळ रुंद, मानेखालची पोळी (लोंबती कातडी) भारी, हाड जाड, चाल संथ. गवळाऊ म्हणजे तेच अंग पण चरबी काढून टाकलेलं, लांबोडकं, हलकं.

रंगावर फार जाऊ नका. गाय पांढरी, सांड मात्र मानेवर, वशिंडावर आणि मागच्या पुठ्ठ्यावर राखाडी. चार वर्षांचा सांड मानेला राखाडी झाला म्हणून "मिक्स आहे का" विचारणारे लोक मी पाहिले आहेत, तो तर नर असल्याचा रंग आहे. उलट अंगावर तांबडे-काळे मोठे ठिपके, वशिंड बसकं, पाठ सपाट टेबलासारखी असेल तर समजा जर्सी नाहीतर होल्स्टिन कुठंतरी घुसली आहे.

बाकी अंगाकडे वळलं की मग मानेखालची पोळी बघा, ती चांगली मोठी असते, पण बेंबीजवळची कातडी फार लोंबत नाही. वशिंड मध्यम. शेपटी तुलनेनं आखूड, मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या थोडी खाली गेली की बस, जमिनीला टेकणारा गोंडा नको. आणि कातडी पातळ. बरगडीवरची कातडी दोन बोटांत धरून ओढा आणि सोडा, निरोगी जनावराची कातडी लगेच जागेवर बसते. गोमाशी बसली की गवळाऊ ती जागा नुसती थरथरवून माशी उडवते, शेपूट पण हलवत नाही, तासभर बघत बसावं असं आहे ते.

चालवून बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका

हे मला एका म्हाताऱ्या नंदगवळी बाबांनी शिकवलं, कारंज्याच्या पुढं. मी गायीचं तोंड बघून झालं, शिंगं बघून झाली, आता काय म्हणून उभा. बाबांनी हंडाभर पाणी कोठ्यासमोरच्या मातीवर ओतलं, माती ओली केली, आणि नातवाला म्हणाले, चालव. पोरानं कासरा धरून गाय त्या ओल्यावरून नेली. मग बाबा उकिडवे बसले आणि मला ठसे दाखवले. पुढच्या पायाचा ठसा आणि त्यावर मागच्या पायाचा ठसा, बरोबर त्याच्यावर पडलेला, उलट एक-दोन बोटं पुढंच. "हे पाय," म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत. दुसरी एक गाय नेली त्यावरून, तिचं मागचं खूर पुढच्या ठशाच्या वीतभर मागं पडलं. ती पण पांढरीच होती, तोंड पण बरं होतं.

मागचं पाऊल मागं राहतं म्हणजे जनावर आखूड टाकतं, कंबर नाहीतर मागचा सांधा अडकतो, आणि अशा गायीचे गोऱ्हे बैल म्हणून डवऱ्याला, म्हणजे पिकाच्या ओळींतलं गवत काढायच्या औताला, घातले तर दुपारपर्यंतच दम तोडतात. तर पाणी ओता, नाहीतर पावसाळ्यात जा, निसर्गच ओतून ठेवतो. जाताना आणि येताना दोन्ही बघा, मागून बघताना दोन्ही मागचे सांधे एकमेकांना घासत नाहीत ना हे बघा. खूर बघा, गच्च, मिटलेले, काळे पाहिजेत, दोन बोटं फाकलेली नकोत. मुरमाड वावरात फाकलेल्या खुरात खडा जातो आणि मग तुम्ही आणि जनावर दोघंही लंगडता.

दात बघायला विसरू नका, व्यापारी वय दोन वर्षं तरी कमी सांगतोच. खालच्या जबड्याचे पुढचे दात बघायचे, वर पुढं दात नसतातच त्यामुळे घाबरू नका (एक पुण्याचा मित्र ओरडला होता, अरे हिचे दात पडले!). सगळे दुधाचे असतील तर आदत. दोन मोठे दात आले की साधारण दोन-अडीच वर्षं, चार म्हणजे तीनच्या आसपास, सहा म्हणजे साडेतीन, आणि आठ पूर्ण झाले म्हणजे जुळला, चारच्या पुढं. जुळल्यावर मग झिजेवरून अंदाज घ्यायचा, तो मला पण अजून नीट येत नाही, तिथं जुन्या माणसाला सोबत न्या. माझं म्हणणं विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्यानं दुसऱ्या वेताची, खाली वासरू असलेली गाय घ्यावी. पहिलारू स्वस्त मिळते पण तिला आणि तुम्हाला दोघांनाही शिकायचं असतं.

कास फार मोठी नसणारच. चार सड सारखे, मऊ, गाठ नाही, आणि चारही सडातून धार स्वतः काढून बघा, पहिल्या धारा काळ्या कापडावर काढा, दह्यासारखे कण दिसले तर दगडी (कासेचा आजार) आहे, हात जोडून निघा.

आणि टेप न्या, शिंप्याचा. वजनकाटा कुठून आणणार? पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, मग खांद्याच्या टोकापासून मागं बसायच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०, आलं किलोत वजन, अंदाजे. घेर १६० आणि लांबी १३५ असेल तर ३१९ किलो येतं. याचा उपयोग सौद्यात नाही, खुराकात आणि औषधाच्या डोसात होतो, जंताच्या गोळीला वजन लागतं आणि लोक डोळ्यानंच देतात.

मग फायदा काय, दूध तर नाही

हा प्रश्न घरून येणारच. मी माझं उत्तर सांगतो.

एक म्हणजे आपला मे महिना. ४५ डिग्री, लू, सावलीत पण भाजतं. शेजारच्या कोठ्यात दोन होल्स्टिनच्या संकर गायी आहेत, त्यांना पंखा, फवारे, ओली पोती, तरी दुपारी तोंड उघडं टाकून जीभ काढून धापतात आणि दूध निम्म्यावर. त्याच वेळी आमची गवळाऊ निंबाखाली रवंथ करत बसलेली. यात चमत्कार काही नाही, वशिंडवाल्या सगळ्याच गुरांना घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि जास्त, कातडी सैल म्हणजे हवा लागायला जागा जास्त, वरचे केस पांढरे-आखूड म्हणून ऊन परततं आणि खालची कातडी काळसर म्हणून भाजत नाही. शिवाय दूध कमी म्हणजे शरीरात तयार होणारी उष्णता पण कमी, हे कोणी सांगत नाही पण तो पण हिशोबाचा भाग आहे.

दुसरं, खुराक. आपल्याकडे जे आहे त्यावर भागवते. कडबा, तुरीचं कुटार, हरभऱ्याचं कुटार, धुऱ्यावरचं गवत. गोचीड कमी धरतात, गोचीडताप पण संकर गायीइतका आडवा पाडत नाही. धरतच नाहीत असं नाही हां.

आणि तिसरं, जे माझ्यासाठी पहिलं, ते म्हणजे गोऱ्हे. गवळाऊची जोडी डवऱ्याला लावून बघा एकदा. सोयाबीनचं, कापसाचं डवरण पाऊस उघडला की दोन-तीन दिवसांत उरकायचं असतं, ओल गेली की गवत घट्ट आणि परत पाऊस आला की चिखल. तिथं जड बैल ताकदीचा असतो पण वेळ खातो. गवळाऊ दोन ओळींमधून सरसर जाते, रोपट्यावर पाय पडत नाही, वळणावर ओरडावं लागत नाही. चार-पाच एकराच्या कास्तकाराला, ज्याच्या वावरात ट्रॅक्टर वळत नाही, त्याला ही जोडी म्हणजे काम वेळेवर होणं. खोल नांगरटीला मात्र यांना जुंपू नका, ते यांचं काम नव्हे, तिथं ट्रॅक्टर भाड्यानं सांगा.

ए-टू (दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार) दुधाची जाहिरात करून दुप्पट भाव मागणाऱ्यांबद्दल एकच बोलतो, आपल्या बहुतेक सगळ्या देशी गायींचं दूध ए-टूच असतं, त्यासाठी गवळाऊचे वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

कुठं शोधायची

बैलबाजारात मिळते, पण तिथं तुम्ही नवखे आणि समोरचा मुरलेला. त्यापेक्षा अमरावती रोडनं कोंढाळी ओलांडून कारंज्याकडे जा, तिथून आत आष्टी-आर्वीकडच्या गावांत विचारत जा, नंदगवळी समाजाचे कळप आहेत. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पशुपैदास प्रक्षेत्र आहे, तिथं कळप एकदा डोळ्याखालून घाला म्हणजे अस्सल कशी दिसते ते नजरेत बसतं, मग बाजारातली नक्कल आपोआप टोचते. वर्ध्यात गायीच्या दुधाची परंपरा जुनी आहे, जमनालाल बजाजांनी शेवटच्या दिवसांत, १९४१-४२ ला, गोसेवेचंच काम हाती घेतलं होतं, आणि गोरस भांडारचा गोरसपाक तर तुम्ही खाल्लाच असेल, नसेल तर येताना एक पाकीट आणा, गाय मिळो न मिळो चक्कर वाया जाणार नाही.

सौदा ठरला की कानातला बिल्ला बघा, बारा आकडी नंबर, तो पावतीवर लिहून घ्या, व्हेटरनरी डॉक्टरचा आरोग्य दाखला घ्या. जनावर घेऊन रस्त्यानं येताना कागद नसले तर चार ठिकाणी गाडी थांबते आणि प्रत्येक ठिकाणी गाय तुमचीच आहे हे पटवत बसावं लागतं. बिल्ला नसेल तर आणल्यावर दवाखान्यात मारून घ्या, फुकट असतो. गाडीत खाली तणस किंवा वाळू टाका, तोंड ड्रायव्हरच्या दिशेनं, आणि वासरू तिला दिसेल असं बांधा, नाहीतर नागपूर येईपर्यंत हंबरून घसा बसवते.

घरी आल्यावर

पहिले पंधरा दिवस जुन्या जनावरांपासून लांब बांधा. ही गाय माणसाळलेली असली तरी चमकते, छत्री उघडली, प्लास्टिकचं पोतं उडालं की दावं तोडायच्या बेतात. आमच्याकडे आली तेव्हा पहिल्या रात्री कुकरच्या शिट्टीला खुंटा उपटला होता. मारू नका, एकच माणूस रोज त्याच वेळी त्याच आवाजात हाक मारून चारा टाकू दे, आठवड्यात ती पावलं ओळखते.

खुराक सव्वातीनशे किलोच्या दुभत्या गायीला साधारण असा धरा: दहा-बारा किलो हिरवं, पाच-सहा किलो कडबा-कुटार, अंग राखायला किलोभर ढेप-चुनी मिळून आणि वर दर अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो. सरकीची ढेप रात्री भिजवा. खनिज मिश्रण ३० ते ४० ग्रॅम रोज आणि मीठ, हे लोक टाळतात आणि मग गाय माजावर येत नाही म्हणून डॉक्टर शोधतात. सोयाबीनचं कुटार एकटं टाकू नका, पोट गच्च होतं, कडब्यात मिसळा. आणि गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, त्यात पावसानं ताण दिलेली, तिकडे गाय वळू देऊ नका, त्यात विष तयार झालेलं असतं आणि तासाभरात जनावर आडवं होतं, डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही. सरकारी फिरता दवाखाना १९६२ नंबरवर बोलावता येतो, तो नंबर कोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा, मोबाईलमध्ये सेव्ह केलेला ऐनवेळी सापडत नाही.

दूध काढताना एक गोष्ट जर्सीवाल्यांना पटत नाही. वासराशिवाय ही गाय पान्हा सोडत नाही. आधी वासरू सोडा, त्यानं दोन ढुश्या मारू द्या, चारही सडांना तोंड लावू द्या, त्याच्या तोंडाला पांढरा फेस दिसला की समजा पान्हा आला, मग वासरू ओढून तिच्या तोंडाशी बांधा, ती त्याला चाटत राहते आणि तुम्ही सात-आठ मिनिटांत आटपता. शेवटचं दूध त्याच्यासाठी ठेवा, पूर्ण एक सड सोडला तरी चालेल. पान्ह्याचं इंजेक्शन मारायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. चीक वासराला जन्मल्यापासून दोन तासांच्या आत, वजनाच्या दहाव्या भागाएवढा पहिल्या दिवसात पोटात गेलाच पाहिजे, म्हणजे वीस किलोच्या वासराला दोन लिटर. खरवस उरलेल्याचा करा. आमच्या घरी यावरून दरवेळी भांडण होतं.

लसी: लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि एकटांग्या म्हणजे फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पीची दरवर्षी, २०२२ ची साथ ज्यानं पाहिली त्याला समजावून सांगायची गरज नाही. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची एकदाच, ती वेळ चुकली की चुकली.

गाभण कोणत्या सांडाची

इथं सगळ्यात जास्त लोक माती करतात. मेहनतीनं अस्सल गाय आणतात आणि मग जो पहिला मोकाट सांड दिसेल तो, नाहीतर कृत्रिम रेतन करणारा सांडाच्या वीर्याची जी कांडी घेऊन येईल ती. मग वासरू पांढऱ्यावर तांबडे ठिपके घेऊन येतं आणि गवळाऊ तुमच्या कोठ्यात एका पिढीत संपते. तर आधीच दवाखान्यात सांगून ठेवा की गवळाऊचीच कांडी पाहिजे, महिनाभर आधी, आणि भरायच्या आधी कांडी हातात घेऊन तिच्यावर छापलेलं जातीचं नाव आणि सांडाचा नंबर वाचा, वहीत उतरवा. लाज वाटू देऊ नका, गाय तुमची आहे. तोच सांड तिच्या मुलीला लावू नका, म्हणून तर नंबर लिहायचा. माज दर एकवीस दिवसांनी, पण देशी गायीचा माज मुका असतो, ओरडत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं कोठ्यात नुसतं उभं राहायचं: पातळ चिकट तार, उगाच लघवी, कान सतत हलते, दूध थोडं कमी. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. गाभण राहिली की पुढं व्यायला साधारण २८५ दिवस.

गोऱ्हा झाला तर

पहिलं म्हणजे पेढे वाटा. दोन दात येईपर्यंत नुसतं खाऊ द्या, पळू द्या, आधी जुंपला तर खांदा बसतो. वेसण दोन वर्षांच्या पुढं, जाणत्याकडूनच. खच्ची चिमट्यानं, दवाखान्यात, पावसाळ्यात नको, माश्या असतात. जोडी जमवताना उंची आणि चालीची गती सारखी बघा, रंग नंतर. शिकवताना आधी नुसतं जू खांद्यावर ठेवून अर्धा तास, मग मागं हलकं लाकूड, मग रिकामी बंडी, आणि नवा नेहमी जुन्या शहाण्या बैलाच्या जोडीला. आमच्या नव्या गोऱ्ह्याला मी घाईत दुसऱ्या नव्याच गोऱ्ह्यासोबत जुंपलं होतं, दोघांनी बंडी थेट शेजारच्या तुरीत नेली.

शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, नाद असेल तर ही जात तुम्हाला खुणावणारच. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर सुरू झाला आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला. परवानगी, डॉक्टरची तपासणी आणि तुतारी (टोकदार काठी) टोचायची नाही, हे पाळायचं. पटाचा बैल वेगळा ठेवा, डवऱ्याचा वेगळा, एकाच जनावराकडून दोन्ही काढायला गेलात की दोन्हीकडे दम तोडतो.

पोळ्याला शिंगं रंगवताना लोखंडी दरवाज्याचा ऑइल पेंट लावतात काही लोक, तो नका लावू, पाण्याचा रंग किंवा गेरू वापरा. तान्हा पोळ्याला तर आमचा पोरगा लाकडी बैल सोडून खऱ्या गोऱ्ह्यालाच दारोदार न्यायचा हट्ट धरतो, मागच्या वर्षी नेला. तिसऱ्या घरी गोऱ्ह्यानं बोजारा (पोरांना द्यायची ओवाळणी) म्हणून ठेवलेली दहाची नोटच खाल्ली.